फौजदाराच्या मानेवरची पिसं

निवृत्त झालेला माणूस घरी माश्या मारत बसतो, असं लोक म्हणतात. मी बांधत बसतो. आमच्या गावात, जळकोटात, हे कळलं तेव्हा हायवेवरच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

माझा मुलगा नंदीश हिमाचलात नोकरीला आहे, डोंगरातल्या एका नदीकाठच्या गावात. त्या नदीत ट्राउट नावाचा मासा असतो. अंगावर ठिपके, थंड वाहत्या पाण्याशिवाय जगत नाही आणि स्वभावानं भारी संशयी. पाण्यावर येऊन बसणाऱ्या माश्या त्याला आवडतात. म्हणून तिथली हौशी माणसं गळाला पिसं, लोकर आणि दोरा बांधून खोटी माशी करतात. ती पाण्यावर तरंगत जाते, मासा फसतो, माणूस त्याला वर काढतो, कौतुकानं बघतो आणि पुन्हा सोडून देतो. मी दोन महिने नंदीशकडं राहायला गेलो होतो. नदीकाठी अमरनाथ नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान होतं. तो दिवसभर माश्या बांधायचा. मी एकतीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवलेला माणूस. समोर कुणी हातानं काही करत असेल तर माझे हात मांडीवर राहत नाहीत. येताना गळ पकडून ठेवणारा एक चिमुकला शिकंजा, गळांची डबी आणि हे वेड घेऊन आलो.

आमच्या घरात मासा शिजत नाही, अंडंही येत नाही. शिकंजा बघून आमची उमा म्हणाली, "अय्यो शिवने! आपण लिंगायत माणसं, आणि तुम्ही माशाच्या तोंडचा घास करत बसणार?"

"घास खोटा आहे," मी म्हणालो. "पाप लागलंच तर तेही खोटंच लागेल."

तिनं कपाळाला हात लावला, पण ओसरीवरचा उजेडाचा कोपरा रिकामा करून दिला.

मग पोरं यायला लागली. पोरांना बोलवावं लागत नाही; तुम्ही काहीतरी बारीक काम मन लावून करत बसा, ती आपोआप गोळा होतात. त्यातली दोन टिकली. समोरच्या घरातली सृष्टी, सहावीतली, आणि तिचा चुलतभाऊ कृष्णराज, आठवीतला. अमरनाथचा नियम असा की बारा माश्या हुबेहूब एकसारख्या झाल्या तर तो त्या एका पुठ्ठ्यावर टोचून, खाली बांधणाऱ्याचं नाव लिहून दुकानात टांगतो. दिवाळीत नंदीश आला तेव्हा दोघांच्या बारा-बारा घेऊन गेला. कृष्णराजाचा पुठ्ठा टांगला गेला. सृष्टीच्या माश्या परत आल्या, सोबत चिठ्ठी: 'बारा माश्या आहेत, पण बारा गावच्या.'

तेव्हापासून कृष्णराज चालायचासुद्धा वेगळा.

"आमचा माल बाहेर जातो," तो म्हणायचा. "तुमचा माल फिरून येतो."

सृष्टी खाली मान घालून गळावर दोरा गुंडाळत राहायची. आठ महिन्यांत तिनं किती माश्या बांधल्या आणि ब्लेडनं सोडवल्या याचा हिशोब मीही ठेवला नाही. आता आखाडात नंदीश आठ दिवसांच्या रजेवर आला होता आणि बुधवारी सकाळी निघणार होता. या वेळी बारा माश्या त्याच्या बॅगेत गेल्या पाहिजेत आणि त्या फिरून येता कामा नयेत, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

सामान तयार होतं. अंगासाठी घोंगडीची तपकिरी लोकर. त्यावर वेटोळे द्यायला तांब्याची केसाएवढी तार. ती मोटार वाइंडिंगच्या दुकानातल्या जळक्या मोटारीतून मिळाली होती. गाठ पक्की करायला नखपॉलिशचा थेंब. राहिलं होतं फक्त मानेचं पीस, आणि सगळी मेख तिथंच. कोंबड्याच्या मानेवरचं लांब, निमुळतं, चकाकणारं पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे केस चहूबाजूंनी उभे राहतात. तेच माशीचे पाय. त्या पायांवर ती पाण्यावर उभी राहते. पीस मऊ असलं की माशी बसकण मारते आणि बुडते. अमरनाथनं दिलेल्या पिसांना पावसाळ्यात कसर लागली. शनिवारी पुडी उघडली तर आत नुसता भुसा.

"कोंबड्यांना काय तोटा?" नंदीश म्हणाला. "अर्धं गाव कोंबड्या पाळतं."

"दादा, तरणा कोंबडा चालत नाही," सृष्टीनं त्याला समजावलं. "दोन वर्षं झाल्याशिवाय मानेचं पीस कडक होत नाही. आणि गावात कोंबडा दोन वर्षं जगतो का?"

हे मात्र खरं होतं. पाहुणे येतातच.

गावात एकच कोंबडा तीन वर्षांचा होता. आमच्या गल्लीच्या टोकाला कडूबाई राहतात, त्यांचा. तांबडाभडक, मान तर अशी की तांब्याची कळशी नुकतीच चिंचेनं घासून ठेवावी. त्याचं नाव फौजदार. त्याला एवढं आयुष्य लाभलं ते कडूबाईंच्या मुलामुळं. अमरसिंह पोलीस भरतीला पहिल्यांदा उतरला तेव्हा कडूबाईंनी ओढ्याकाठच्या मरीआईला कोंबडा बोलला. पोरगा भरती झाला की द्यायचा. अमरसिंह एकदा धावण्यात राहिला, एकदा लेखीत राहिला, एकदा तर छातीच भरली नाही. तो नापास होत गेला आणि फौजदार म्हातारा होत गेला. या उन्हाळ्यात अमरसिंह एकदाचा लागला. येत्या मंगळवारी कोंबडा द्यायचा होता. कडूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्या कापणार नव्हत्या, देवीच्या नावानं सोडणार होत्या. ओढ्याकाठी असे सोडलेले दोन कोंबडे आधीच मजेत फिरत होते.

शनिवारी संध्याकाळी सृष्टी कडूबाईंच्या दारात गेली. मीही मागं गेलो; गुरुजी बरोबर असले की नकार जरा मऊ येतो, असा माझा अनुभव.

"काकू, फौजदाराची बारा पिसं द्या ना. मानेवरची. त्याला दुखणार नाही."

कडूबाई जात्याजवळ तूर निवडत होत्या. त्यांनी आधी सृष्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गुर्जी, पोरगी न्हानी हाय. तुमाला तर कळतंय का न्हाय? बोललेला कोंबडा हाय त्यो. त्याच्या अंगाला खोट आली तर देवी घेत न्हाय. एक पीस कमी चालत न्हाय."

"मग मंगळवारी सोडल्यावर?" सृष्टीनं विचारलं.

"सोडल्यावर त्यो देवीचा. तिथलं पीससुद्धा घरी आणायचं नसतंय. आन तू काय करतीस त्याचं? माशी? माशी हानायची सोडून माशी बांदायलेत, काय दिवस आलेत बाई!"

आम्ही परत निघालो. मी तिला म्हणालो, "पीस हातात नसलं तरी अभ्यास करता येतो. कोंबडा चिडला की मान फुलवतो. तेव्हा प्रत्येक पीस वेगळं दिसतं, कुठल्या मापाचं आहे ते नजरेनं कळतं. नजर तयार झाली की पीस कुठलंही मिळो."

शिक्षकानं काय बोलावं आणि कुणापुढं, याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

रविवारी सकाळी दाढीचा आरसा सापडेना. मी उमाला विचारलं, उमानं नंदीशला विचारलं, आणि तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून असा काही गलका उठला की आम्ही तिघंही बाहेर धावलो.

माझा आरसा कडूबाईंच्या कुडाला टेकवून ठेवला होता. समोर सृष्टी आणि कृष्णराज उकिडवे बसलेले. आणि फौजदार आरशातल्या फौजदाराशी लढत होता. मान फुलवायची म्हणून पोरांनी आरसा लावला. मान फुलली, छान फुलली. पण समोरचाही मान फुलवतोय म्हटल्यावर फौजदाराला राहवलं नाही. उडी मारायचा, चोच मारायचा, खाली यायचा, आणि दर वेळी त्याची मान आरशाच्या पत्र्याच्या कडेला घासायची. समोरचा हटत नव्हता. हटणार कसा?

नंदीशनं धावत जाऊन आरसा पालथा केला. फौजदार एकदम थांबला. इकडंतिकडं बघितलं, शत्रू पळाला याची खात्री केली आणि कुडावर चढून आरवला. त्याच्या मानेला एका बाजूला दोन बोटांएवढं गुलाबी ठिगळ उघडं पडलं होतं. खाली मातीत तांबडी पिसं.

"आम्ही हात लावला नाही," कृष्णराज म्हणाला. "शप्पथ. हात अजिबात लावला नाही."

सृष्टी पिसं वेचत होती. चौदा होती. तिच्या चेहऱ्यावर भीतीही होती आणि दुसरं काहीतरी होतं ते लपत नव्हतं. ती पिसं मनात मापत होती. तेवढ्यात कडूबाई बाहेर आल्या.

पुढच्या दोन-चार मिनिटांचे शब्द मी इथं लिहीत नाही. त्यातले बरेचसे माझ्यासाठीही होते.

दम लागल्यावर कडूबाई पायरीवर बसल्या. "तीन वर्सं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला. "तीन वर्सं म्या त्याला मांजरापासून राखलं, पावण्यापासून राखलं, माज्या भावापासून राखलं. परवा सोडायचा हाय. आता कुठल्या तोंडानं निऊ? पोरगं टरेनिंगला हाय. देवीनं मनात आणलं आन दिलेलं माघारी घेतलं तर?"

सृष्टी पुढं झाली. मूठ उघडली. "ही घ्या, काकू. सगळी आहेत. चौदा."

"निस्ती पिसं घिऊन म्या काय करू? चिकटिवणार हायस का?"

हे कडूबाई रागानं बोलल्या. पण बोलल्यावर स्वतःच थांबल्या. पोरीकडं बघितलं. मग मला विचारलं, "गुर्जी, ही माशीला पिसं बांदती, व्हय?"

"हो."

"उभी ऱ्हातात?"

"राहतात."

"मग कोंबड्याला न्हाय का बांदता येनार?"

मी म्हणालो, "कडूबाई, माशाला फसवणं वेगळं. तुम्ही देवीला..."

"फसवायला कुठं?" त्या उसळल्या. "तिचीच पिसं तिच्याच कोंबड्याला. दुसऱ्याचं एक तरी लावायलेव का?"

मी पालथा पडलेला आरसा उचलून काखेत मारला.

आता सृष्टीपुढं पेच होता. चौदा पिसं हातात. दोन खराब झाली तरी बारा माश्या होतील. ती कडूबाईंना देऊन मोकळी झाली असती तर एक गोष्ट. इथं तिनंच ती आपल्या हातानं कोंबड्याच्या मानेवर चढवायची आणि मंगळवारी देवीकडं जाताना बघायची. कृष्णराज तिच्या कानात म्हणाला, "दहाच बांध. चार ठेव. कोण मोजतंय?"

सृष्टी म्हणाली, "मी मोजलीत ना."

सोमवारी शाळा सुटल्यावर ती ओसरीवर बसली. मी म्हणालो, "आधी कोंबडा विसर. गळावर काय करतेस? देठ धरायचा, दोऱ्याचे तीन वेढे, ओढून घट्ट. इथंही तेच. फक्त गळाच्या जागी दोरा." तिनं मऊ सुती दोरा मेणातून ओढला आणि त्यावर एकेक पीस देठाशी बांधत गेली. लांब मागं, आखूड पुढं, एकावर एक पडतील अशी. मी काही सांगायला तोंड उघडलं की तिचा हात ते आधीच करून मोकळा झालेला असायचा. दीड तासात पिसांची पट्टी तयार झाली. उमा चूल सोडून बघायला आली.

"साकु, साकु," ती म्हणाली. पुरे म्हणजे पुरे. "इतकी नको सजवू. नाहीतर फौजदार परत आरसा मागेल."

नंदीशनं कोंबडा धरला, कडूबाईंनी त्याच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि सृष्टीनं ती पट्टी राहिलेल्या पिसांखालून मानेभोवती घेऊन मागं गाठ मारली. पदर काढला. मी चष्मा पुसून बघितलं. ठिगळ कुठं होतं ते कळत नव्हतं. कडूबाईंनी बोटानं पिसं सारखी केली आणि पहिल्यांदाच हसल्या.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "आधीपक्षा बरा दिसायलाय."

मंगळवारी सकाळी आम्ही ओढ्याकाठी गेलो. कडूबाई, फौजदार, दोन्ही पोरं, नंदीश आणि मी. उमा आली नाही. म्हणाली, मला हसू आवरायचं नाही. मरीआईचं ठाणं म्हणजे लिंबाखाली शेंदूर लावलेले तीन दगड आणि पत्र्याचं छप्पर. तिथलं सगळं ज्ञानोबा बघतात. पंचाहत्तरीचे आहेत, कमी बोलतात आणि जे बोलतात ते देवीच्या वतीनं बोलतात, अशी लोकांची समजूत आहे.

तिथली रीत अशी. कोंबड्याला हळदीकुंकू लावायचं, देवीपुढं उभा करायचा आणि अंगावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतला. नाही झाडलं तर पुन्हा शिंपडायचं. तीनदा शिंपडूनही झाडलं नाही तर देवीला तो नको.

ज्ञानोबांनी फौजदाराला वरून खाली बघितलं. मानेवर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली, किंवा मला तसं वाटलं.

"झ्याक हाय," ते म्हणाले आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं.

फौजदार उभा. डोळा मिटला, उघडला.

दुसऱ्यांदा शिंपडलं. फौजदारानं एक पाय वर घेतला आणि तो वरच ठेवला. कडूबाईंचे ओठ हलत होते. मी सृष्टीकडं बघितलं. देवीनं नको म्हटलं असतं तर कोंबडा घरी आला असता आणि त्याची पिसंही. हे तिला कळत असणारच. ती पोरगी तेवढी हुशार आहे. पण ती हात जोडून पुटपुटत होती, "झाड रे. झाड ना फौजदार."

ज्ञानोबांनी तिसऱ्यांदा शिंपडताना तांब्या पुरता पालथा केला.

आणि फौजदारानं अंग झाडलं. शेपटापासून सुरुवात केली ती थरथरत चोचीपर्यंत आली. मान तर त्यानं अशी हिसडली की गाठ सुटली, पट्टी तुटली आणि पिसं चारी दिशांना उडाली. काही कडूबाईंच्या पदरात पडली, काही सृष्टीच्या फ्रॉकवर, दोन माझ्या टोपीवर. फौजदाराच्या मानेचं गुलाबी ठिगळ पुन्हा उघडं, आणि त्यावर मेणाच्या दोऱ्याचा एक तुकडा लोंबत होता.

फौजदार दोन पावलं पुढं गेला, आधीच्या दोन कोंबड्यांकडं बघून त्यानं मान फुलवली, जेवढी होती तेवढी, आणि गेला त्यांच्यात निघून.

ज्ञानोबांनी वाकून दोरा उचलला. बोटांत फिरवला. "कडूबाई, ह्ये काय?"

कडूबाईंनी सगळं सांगितलं. आरसा, ठिगळ, पट्टी, काही लपवलं नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "खोटं हुतं ते मरीआयनं झाडून टाकलं बगा. खरं तेवढं ठिवून घेतलं. मग ही पिसं काय देवीची न्हाईत. घे गं पोरी, तुजी हाईत."

सृष्टीनं हात पुढं केला नाही.

"काकू, खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पिसं फौजदाराचीच आहेत. दोरा तेवढा खोटा होता."

मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं. हे मी शिकवलेलं नव्हतं. कृष्णराजानं तिला कोपरानं ढोसलं, "गप की!" पण ती हलली नाही. डोळ्यांत पाणी होतं, कारण पिसं खरी ठरली तर ती देवीची, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

कडूबाई ज्ञानोबांकडं वळल्या. "आता तुमीच सांगा. सोडायच्या आधी पडलं ते माजं. सोडल्यावर पडलं ते देवीचं. पर झाडताना पडलं ते कुणाचं?"

ज्ञानोबांनी डोकं खाजवलं. टोपी काढून पुन्हा खाजवलं.

"ह्यो सवाल माज्या बापालाबी कुणी इचारला न्हाय," ते म्हणाले. मग दगडांपुढं हात जोडले. "कोंबडा तिनं घेतला. पिसं तिनं फेकली. तिला पायजे असती तर फेकली असती का? ज्याच्या अंगावर पडली त्याची. खाली पडली ती हितंच ऱ्हाऊ द्या."

आता मोजणी. सृष्टीच्या फ्रॉकवर सहा. कडूबाईंच्या पदरात चार. त्यांनी ती लगेच तिच्या हातावर ठेवली. माझ्या टोपीवर दोन. उरलेली दोन खाली पडली होती, त्यांच्याकडं कुणी वाकलं नाही. नंदीश बोटं मोजत होता. "बारा," तो म्हणाला. "बरोबर बारा."

"एकही खराब झालं तर संपलं," कृष्णराज म्हणाला. पण या वेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती.

पिसं भिजून, चुरगळून काड्यांसारखी झाली होती. घरी आल्यावर मी उमाला चहा ठेवायला सांगितला. चहा कुणाला नको होता. मला वाफ हवी होती. सृष्टीला म्हणालो, पीस देठाशी धर आणि पातेल्याच्या वाफेवर फिरव, सावकाश. तिनं धरलं. क्षणभर काही झालं नाही. मग एकेक केस सुटा होऊन उभा राहिला आणि पीस पुन्हा होतं तसं झालं. उमा ओरडली, "अय्यो, हे तर जिवंत झालं!" त्यानंतर बाराही पिसांना तिनंच वाफ दिली, कुणाला हात लावू दिला नाही.

सृष्टी दुपारी बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. लोकर, तार, पीस, गाठ, थेंब. प्रत्येक माशी झाली की काशाच्या वाटीतल्या पाण्यावर सोडायची. चांगली माशी पाण्यात बुडत नाही, पाण्यावर उभी राहते आणि प्रत्येक पायाखाली पाण्याला बारीक खळी पडते. अकरा माश्या उभ्या राहिल्या. बारावी एका बाजूला कलली.

तिनं ती उचलली, फुंकली, पुन्हा सोडली. पुन्हा कलली.

"दिसत नाही एवढं," कृष्णराज म्हणाला. "पुठ्ठ्यावर काय पाणी असतं?"

सृष्टी माझ्याकडं बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. अशा वेळी बाहेर बघावं, हे मला नोकरीच्या दहाव्या वर्षी समजलं.

ती डबी बंद करून घरी गेली. मला वाटलं, पोरगी दमली.

बुधवारी सकाळी नंदीश बॅग घेऊन पायरीवर उभा होता, हायवेवर सोलापूरची बस यायची वेळ झालेली, आणि सृष्टी पळत आली. हातात ब्लेड. ती ओसरीवर बसली, बारावी माशी शिकंज्यात पकडली आणि सोडवायला लागली.

"अगं बस जाईल!" नंदीश म्हणाला.

"जाऊ द्या, दुसरी असते," ती म्हणाली.

आधीच्या अकरांतली एक नमुन्याला समोर ठेवायलाही वेळ नव्हता. डबीकडं तिनं बघितलंच नाही. बोटं चालत होती, नजर त्यांच्या मागं. पीस तेच, पुन्हा सोडवलेलं, पुन्हा गुंडाळलेलं. गाठ, थेंब, फुंकर. वाटीत सोडली. माशी उभी राहिली, अशी की उमानं वाटीला धक्का लावला तरी ती लाटेवर चढून उतरली. नंदीशनं डबी खिशात घातली आणि धूम ठोकली. बस त्याला मिळाली.

अकराव्या दिवशी फोनवर फोटो आला. अमरनाथच्या दुकानातली भिंत, कृष्णराजाचा जुना पुठ्ठा, आणि शेजारी नवा: 'सृष्टी, जळकोट'. सोबत अमरनाथचा आवाज. मी मराठीत करून सांगितलं: "माश्या सारख्या आहेत. पण एक फार पुढची आहे. ती मी पुठ्ठ्यावर लावली नाही. माझ्या टोपीला लावली. ती विकायची नाही."

कृष्णराजानं टाळी वाजवली. स्वतःहून. कडूबाई फोटो बघायला आल्या होत्या, त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "फौजदार कुठच्या कुठं पोचला बगा!" उमानं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. सगळे खूश. फक्त सृष्टी नव्हती.

तिनं फोटो बोटांनी मोठा केला होता आणि मोजत होती. पुठ्ठ्यावर बारा खाचा, अकरा माश्या, एक खाच रिकामी.

"गुरुजी," ती म्हणाली, "म्हणजे बारा सारख्या झाल्याच नाहीत."

"अगं, ती बारावी सगळ्यांत चांगली झाली, म्हणून तर टोपीवर गेली."

"चांगली झाली, पण सारखी नाही झाली." गूळ गालात सरकवून ती शिकंज्यापाशी बसली. "तिच्यासारख्या अजून अकरा करायला पाहिजेत. पिसाचं मी बघते. तुमच्याकडं गळ आहेत का?"